लाल ठिपक्याची लेन्स

"दुर्गे, झालं का?"

पडद्यापलीकडून हा आवाज यायचा. भारदस्त, पण घाईतला. आणि आतून ती म्हणायची, "झालं, दादा." झालेलं नसलं तरी म्हणायची. आत एखादी नवी सून पदराचं टोक मुठीत आवळून बसलेली असायची, ओठ अजून मिटलेले, खिडकीतला उजेड अजून गालापर्यंत पोचायचा असायचा; तरी दुर्गा म्हणायची, झालं. मग बाहेर दादा निवांत व्हायचा. त्याच्यापुढे कुणीतरी पोह्यांची बशी आणून ठेवायचं आणि आत तिला हवा तेवढा वेळ मिळायचा.

आज माधवगंजातल्या गच्चीवर धोतर अंथरून त्यावर लेन्स मांडताना तो आवाज दुर्गेला पुन्हा ऐकू आला. मध्ये चाळीसहून जास्त वर्षं निघून गेली होती. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ गोविंद, चार वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यानंतर पुण्याला मुलाकडे गेला, तो तिकडचाच झाला. आता एका हाताने आणि अर्ध्या जिभेने त्याचा दिवस सरायचा. पडदे तर केव्हाच गेले होते. ज्या घरांना ते होते, तिथे आता कोचिंग क्लास भरत होते. आवाज तेवढा राहिला होता, आणि तो ऐकायला ती.

ऊन चांगलं होतं. आश्विनातलं, पावसाने धुऊन ठेवलेलं. बाकीच्या बायका या दिवसांत शालू उन्हाला घालतात, दुर्गा लेन्स घालायची. काचेच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्याइतकी बारीक, आणि तिला उन्हाचा फार धाक. पाऊसकाळ सरला की पत्र्याची पेटी उघडायची, लेन्सची झाकणं काढायची, एकेक जरा कलती ठेवायची आणि घटकाभराने फिरवायची, पापड फिरवावेत तशी. सरळ सूर्याकडे डोळा लागला तर खालचं कापड जळतं. धोतराला तशी बारीक जळकी भोकं होती, दरवर्षीच्या विसराळूपणाची. समोरच्या गच्चीवरची बाई एकदा विचारत होती, "ताई, क्या सुखा रही हो?" दुर्गा म्हणाली होती, "आँखें." ती बाई हसली नव्हती. पुन्हा तिने काही विचारलंही नव्हतं.

"आत्या!" केदार जिना चढून वर आला. दादाचा एकुलता मुलगा, वयाने चाळिशीला टेकलेला, पण जिना अजून दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा. इंदरगंजातलं दादाच्या फोटो स्टुडिओचं दुकान घरमालकाला परत द्यायला तो दोन दिवसांसाठी आला होता. एका हातात फोन, दुसऱ्यात रंगीत चिकटचिठ्ठ्या. "सिस्टीम ऐक. हिरवी चिठ्ठी म्हणजे ठेवायची. बाबांच्या शोकेससाठी, पुण्याला. पिवळी म्हणजे विकायची. लाल म्हणजे खराब. बस. आज तू जज, तेरा फैसला फायनल."

"जज कसली रे, पेशकार म्हण. कागद पुढे सरकवणारी."

"डायलॉग मत मार यार आत्या. तुझ्याशिवाय कुणाला कळतंय यातलं? बाबांना विचारलं, कोणत्या ठेवू, कोणत्या काढू. ते म्हणाले, दुर्गेला विचार. दोन शब्दांना पूर्ण एक मिनट लागला त्यांना."

दुर्गेने मान खाली घातली आणि लेन्स पुसायचं मऊ फडकं झटकलं. हिरव्या पुण्याला जाणार. पिवळ्या इंदूरच्या राघवकडे, जुन्या लेन्स विकत घेणाऱ्या त्या पोराकडे. इथे काही उरलंच तर ते लाल चिठ्ठीचं. अकरा लेन्समधली एक तिला हवी होती, एकच. ती कुठली, ते अजून कुणी विचारलं नव्हतं. मागायची तर का हवी ते सांगावं लागलं असतं, आणि ते तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

ती धोतरावर शेवटून दुसरी उभी होती. दुर्गेने तिच्याकडे पाहिलं नाही. पन्नास मिलिमीटरची उचलली.

आधी आतल्या, उजेड कमीजास्त करणाऱ्या पाकळ्या पूर्ण उघडल्या, एक डोळा मिटून काच आभाळाकडे धरली. मग पदराची सावली करून आतून बॅटरी मारली. कानाशी हलवली. अंतर जुळवायची कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. शेवटी नाकाशी नेली.

केदार खदखदून हसला. "आत्या, लेन्स है, खरबूजा नहीं."

"बुरशीला वास असतो, बाळा. डोळ्याआधी नाकाला कळतं. ही चांगली आहे. पिवळी लाव."

लांब पल्ल्याची एकशेपस्तीसची तिने न तपासताच बाजूला ठेवली. "ही हिरवी. ही तुझ्या बाबांची. घोड्यावरचा नवरदेव तो रस्त्याच्या पलीकडून टिपायचा, नवरदेवाला पत्ताही लागायचा नाही. त्याच्याजवळ राहू दे." रुंद नजरेची अठ्ठावीसची हातात घेतली तेव्हा तिच्या पाकळ्या आळसावल्यासारख्या मिटल्या. "हिला तेल सुटलंय. पिवळी, पण दोष लिहून दे."

"लिहिलं तर भाव गिरेल."

"पडू दे. दोष लपवून लेन्स देऊ नये. घेणारा पहिला रोल धुतो आणि मग आपल्याला आयुष्यभर शिव्या घालतो."

केदारने निमूटपणे लिहून घेतलं. मग भिंतीच्या कट्ट्यावर बसून म्हणाला, "राघवला खरं तर एकच पाहिजे. वो पोर्ट्रेट वाली. बाकीच्या तो तिच्यापायी घेतोय."

दुर्गेचा हात फडक्यावर थांबला.

"मी बाबांचे ते जुने फोटो टाकले ना नेटवर, सरदारांच्या घरातल्या बायकांचे? ते बघून तो पागल झालाय. म्हणतो, ज्या लेन्सने हे काढलेत ती मला हवी. आत्या, कोणती गं ती?"

ते फोटो दुर्गेने पाहिले होते. गेल्या पावसाळ्यात, दुपारी, जेवणाचं एकच ताट धुऊन झाल्यावर. फोनच्या छोट्या काचेत एकेक बाई वर येत गेली होती. जुन्या गोरखी महालाजवळच्या मोठ्या घरातल्या शांताताई, सत्तरीच्या, कपाळाला हात लावून हसणाऱ्या, तोंडात दोनच दात. एका माहेरवाशिणीच्या ओल्या केसांवरचा उजेड. आणि खाली केदारने लिहिलं होतं: 'माझ्या बाबांचं काम. गोषातल्या बायका एका पुरुषासमोर इतक्या मोकळ्या हसल्या, काय विश्वास कमावला असेल बाबांनी!' हजारो लोकांनी वाहवा केली होती. दुर्गेनेही खालचं दिल दाबलं होतं. दुसरं काय दाबणार?

त्या काळी हे सांगावंच लागत नसे. त्या घरांतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की गोषातल्या बायकांपुढे कुठलाही गोविंद उभा राहत नाही. दादा बाहेर, आणि आत त्याची बहीण, अठराव्या वर्षापासून. जाणारे गेले, उरलेले दिल्ली-मुंबईला पांगले, आणि ठाऊक असणारी माणसं संपली तशी ती गोष्टही संपली. राहिला तो फोटोमागचा शिक्का: 'गोविंद, छायाचित्रकार, इंदरगंज, लश्कर.' तो शिक्का तीच मारायची. सरळ, शाई न फुटू देता.

त्याआधी डार्करूम. तिथे लाल दिव्यात घड्याळाचे काटे तिला नीट दिसत नसत, म्हणून ती आईच्या जात्यावरच्या चालीत स्वतःच्या ओव्या म्हणायची आणि त्यांवर वेळ मोजायची. तिसऱ्या ओवीला पाण्यातल्या कागदावर डोळे यायचे, चौथीला ओठ.

लाल दिव्याच्या उजेडी, पाणी हलते हलते,
माहेराला आल्यावाणी, सखी कागदात येते.

दादा बाहेरून हसायचा. "दुर्गे, फोटो धुतेस की दळण दळतेस?" पण ओव्या पुऱ्या होईपर्यंत दार ठोठावायचा नाही. तेवढं तो पाळायचा.

"आत्या? कोणती?"

"आता काय आठवतंय," ती म्हणाली. "दोन-तीन होत्या."

बाकीच्याही एकेक करून तपासून झाल्या, एका छोट्या लेन्सला लाल चिठ्ठी लागली, आणि मग ती उचलावीच लागली. पंच्याऐंशीची. काळी, आखूड, पाणी भरल्या तांब्यासारखी जड. हातात आली की हात आपोआप ओंजळीचा होई. तिच्या कडीवर एका जागी लाल ठिपका होता, नखाला लावायच्या रंगाचा. अंधाऱ्या माजघरांत आकडे दिसत नसत, म्हणून दुर्गेने बाविसाव्या वर्षी तो लावला होता. बोटाला ठिपका लागला की समजायचं, चार फूट. चार फुटांहून जवळ गेलं तर बाई लाजते, लांब गेलं तर परकी होते.

दादा पुण्याला गेल्यापासून पेटी तिच्या खोलीतच होती. कॅमेरा पुण्याच्या शोकेसमध्ये बसला होता, पण या लेन्सला कॅमेरा लागतोच असं नाही. दुपारी तीनच्या सुमाराला ती खिडकीची झडप ओढून घ्यायची, एक बोटभर फट ठेवायची, फटीशी लेन्स धरायची आणि मागे तळहातावर पांढऱ्या कागदाचा तुकडा. सगळं माधवगंज उलटं होऊन तिच्या तळहातावर उतरायचं. उलटे रिक्षावाले, उलटी भाजीची गाडी, देवळाचा कळस खाली आणि आभाळ त्याच्याही खाली. माणसं आवाजाशिवाय हिंडायची. घरी कुणी येत नसे, पण रोज अर्धा तास ती एवढ्या सगळ्यांना हातावर घेऊन बसायची. एखादी बाई चालता चालता थांबली तर ती मनात म्हणायची, जरा मान इकडे. हं. झालं.

"हे काय!" केदारने वाकून पाहिलं. "लाल ठिपका? बाबा नेलपॉलिश लावायचे का काय?"

"असेल काहीतरी."

तिने पाकळ्या उघडल्या. काच आभाळाकडे धरली. आत काहीच नव्हतं, एक तंतू नाही, एक डाग नाही. आभाळ तेवढं निळं, आणि काठाला जांभळी झाक. बॅटरीची गरजच नव्हती. तरी तिने बॅटरी मारली, वेळ काढायला. नाकाशी नेली. तिला वास आला तो धोतराचा आणि तापलेल्या धातूचा.

"खराब आहे," ती म्हणाली.

"क्या बात करती हो! ही तर वरून सगळ्यात मस्त दिसतेय."

"आत बुरशी आहे. मुळं धरलीयेत. तुला नाही दिसायची."

केदारने काच डोळ्याला लावली, इकडेतिकडे फिरवली, खांदे उडवले. आत्या म्हणते तर असणार. त्याने लाल चिठ्ठी काढली, तिच्यावर 'फंगस' लिहिलं आणि लेन्सच्या पोटावर चिकटवली. लेन्सच्या बाबतीत दुर्गा आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली होती. कुणाच्या चेहऱ्यावर आपण होऊन थुंकावं तसं तिला झालं. पण ती उरेल. इथेच उरेल, आपल्या दुपारींना. तिने शेवटची लेन्स उचलली आणि ती कशी होती हे तिला नंतर आठवलंही नाही.

केदारने राघवला फोन लावला, स्पीकरवर. यादी वाचून दाखवली. तिकडून तरुण, उतावळा आवाज आला. "और वो पोर्ट्रेट वाली, भाईसाहब?"

"आत्या कहती हैं पक्का नहीं पता. पचासवाली हो सकती है."

"ठीक है. और खराब कितनी हैं?"

"दो. एक पचासी, एक छोटी."

"वो भी भेज दीजिए. मैं खोल लूँगा. काँच निकाल के बाकी पुर्ज़े काम आ जाते हैं."

"अरे वा, बढ़िया," केदार म्हणाला. फोन ठेवून त्याने दुर्गेकडे विजयी नजरेने पाहिलं. "बघ आत्या, खराब पण गेली! आता तुझ्या खोलीत कचरा नको. पेटी पण कबाड्याला देऊन टाकू. किती जागा होईल तुला."

दुर्गा धोतरावरच्या जळक्या भोकांकडे बघत राहिली. तिला दिसत होतं: एक माणूस टेबलावर पेचकस घेऊन बसलाय, कडी उलटी फिरवतोय, ठिपका फिरतोय, चार फूट, तीन फूट, दोन, आणि मग कडी सुटून हातात येतेय. तिला म्हणायचं होतं, थांब. पण थांब म्हटलं की का, आणि का म्हटलं की सगळं. आणि सगळं म्हटलं की तिकडे पुण्यात, शोकेससमोरच्या खाटेवर, अर्ध्या देहाच्या माणसाजवळ जे एक उरलं होतं तेही आपण काढून घेणार. लोक त्याला फोन करत होते. एक मुलगी त्याची मुलाखत घेऊन गेली होती. तो बोलला काहीच नव्हता, फक्त रडला होता, आणि मुलीने लिहिलं होतं की आठवणींनी त्यांचा कंठ दाटून आला.

"चल, बाबांना दाखवू," केदार म्हणाला. "एकदा बघून घेऊ देत. नंतर म्हणायला नको, न विचारता वाटून टाकल्या."

फोनच्या चौकटीत दादा आला. दाढी कुणीतरी नीट केली होती. तोंडाचा डावा कोपरा खाली ओढलेला, डोळे मात्र तेच, उजेड मोजणारे. केदार एकेक लेन्स फोनसमोर धरत गेला. "ही पन्नास, बाबा, पिवळी. ही तुमची एकशेपस्तीस, आत्याने हिरवी दिलीय, तुमच्याकडे येतेय." दादाने मान हलवली. एकशेपस्तीसला जरा हसलाही, अर्धा.

"आणि या दोन खराब. ही छोटी, आणि ही."

"थांब," दादा म्हणाला.

केदार थांबला.

"ठिप... ठिपका."

"हो ना, आहे ठिपका. काय आहे तो? आत्या म्हणते फंगस आहे आत. राघवला देतोय, खोलून पुर्जे काढेल."

दादाने चेहरा फोनच्या आणखी जवळ आणला. गच्चीवर वाऱ्याने धोतराचं टोक उचललं आणि परत टाकलं. खाली भाजीवाल्याने 'पालक, मेथी' अशी हाक दिली, ती विरून गेली.

"दुर्गेला... दे."

केदारने फोन तिच्या हातात दिला, आणि दुसऱ्या हातात लेन्स. ती फोनमध्ये बघत होती आणि फोनमधला तिच्याकडे. इतक्या जवळून भावाचा चेहरा तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. चार फुटांहून जवळ. तो लाजला नाही. त्याची जीभ एका शब्दाभोवती फिरत राहिली, सापडेना, परत फिरली.

"खराब?"

तिचा अंगठा आपोआप कडीवर गेला आणि ठिपक्यावर थांबला. त्याने तो अंगठा पाहिला. त्याच्या चांगल्या डोळ्याच्या कडेला पाणी जमलं, पण या वेळी तो रडत नव्हता. काहीतरी उचलत होता, जड, एका हाताने.

"दुर्गे," तो म्हणाला. मग श्वास घेतला. मग पुन्हा. "झालं... का?"

झालं, दादा. जिभेच्या टोकावर ते तयारच होतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या सवयीने ओठ त्या आकाराचे झालेसुद्धा. केदार उभा होता, एका हातात उरलेल्या लाल चिठ्ठ्या, आत्याकडून बाबांकडे आणि बाबांकडून आत्याकडे बघत.

"नाही, दादा," दुर्गा म्हणाली. "झालं नाही. कधीच झालेलं नसायचं, मी आपली म्हणायचे." तिने लेन्सच्या पोटावरची लाल चिठ्ठी नखाने उचकटली, हळू, डिंक राहू नये म्हणून. "ही साफ आहे. आरपार साफ. मी खोटं बोलले, कारण मला ती हवी आहे. केदार, तू पण ऐक. हा ठिपका माझा आहे. आत मी असायचे, बाबा बाहेर पोहे खात बसायचे. ते फोटो मी काढलेत, सगळे, या लेन्सने. शांताताई माझ्याकडे बघून हसल्या होत्या."